चौकातलं बाकडं

आमच्या ऑफिसातल्या थोरल्या खोलीत बसलेल्या माणसाखालची खुर्ची काढता येत नाही. मधल्या खोलीत काढता येते. खुर्ची निघून जाते आणि माणूस उठेपर्यंत तसाच बसून राहतो, त्याच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. धाकट्या खोलीत खुर्च्याच नाहीत, तिथं सगळे उभे असतात. सगळे म्हणजे रेहाना तांबोळी, कारण त्या खोलीत ती एकटीच काम करते.

बाहेरची माणसं या खोल्यांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आम्ही खोल्या म्हणतो, कारण आम्हाला त्यांत दिवस काढावा लागतो. संगमनेरात एका पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर आमची कंपनी आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर लायब्ररी बनवतो. केंद्रावरचा काटा कुठलाही असो, कॉम्प्युटर कुठल्याही खोलीतला असो, त्यानं आमच्या लायब्ररीला विचारायचं, वजन किती, आणि लायब्ररीनं सांगायचं. फॅट किती, तेही सांगायचं. पावती छाप म्हटलं की छापायची. यापलीकडे आमच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही.

विचारायची जागा म्हणजे चौक. मधला मोठा मोकळा हॉल, त्याला आम्ही चौक म्हणतो. तिन्ही खोल्यांची दारं चौकात उघडतात आणि चौकाच्या एका भिंतीत चार कोनाडे आहेत. कोनाड्यापुढं उभं राहून विचारलं की कोनाडा उत्तर देतो. भिंतीच्या मागे तो प्रत्येकाच्या खोलीत जाऊन, तिथल्या पद्धतीनं चौकशी करून येतो, पण ते विचारणाऱ्याला दिसत नाही. दिसायचं कारणही नाही.

हा चौक मी सांभाळते. माझं नाव मंदाकिनी कडलग. मी कुठल्याच खोलीची नाही, चौकाची आहे. चौकाचा नियम मीच केलेला आहे: खोलीतलं काही चौकात आणायचं नाही. थोरल्या खोलीत सगळं डावीकडे कललेलं असतं, भिंती, कपाटं, माणसं, सगळं. मधल्या खोलीत सगळं उजवीकडे. आत असताना कुणाला जाणवत नाही. म्हणून चौकात येताना उंबऱ्यावर थांबायचं, सतरंजी झटकावी तसं स्वतःला एकदा झटकायचं, आणि सरळ होऊन आत यायचं. पद्धत सोपी आहे. तरी रोज कुणीतरी विसरतं आणि मला ओरडावं लागतं. माझ्या मागे मला खडूस म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणाले असते तरी माझी ना नव्हती.

रोज सकाळी दारं उघडायच्या आधी मी चौकाच्या मधोमध फरशीवर पाणसळ ठेवते, गवंडी वापरतात तीच, काचेच्या नळीतला बुडबुडा बघायची. बुडबुडा मध्ये असला की दारं उघडते. त्या सोमवारी बुडबुडा दिसेना. मी चष्मा पुसला. तो नळीच्या एका टोकाला जाऊन चिकटला होता. मान वर केली तर समोर लाकडी बाकडं होतं, डावीकडे कललेलं, आणि त्यावर थोरल्या खोलीचे निवृत्ती घुले आपल्या दोन माणसांना घेऊन चहा पीत बसले होते.

"घुले, हे काय आहे?"

"बाकडं हाये."

"ते दिसतंय. चौकात का आहे?"

"आता बघा मॅडम, शुक्रवारी दूध संघाची माणसं येणार. सगळी आमच्याच खोलीतून येणार. त्यांना काय उभंच ठेवायचं का? म्हणून आपलं एक बाकडं आणून टाकलं. वाघ थोडाच हाये तो."

वाक्य संपल्यावर घुले बसल्या बसल्या आधी मागे सरकले आणि मग वीतभर खाली गेले. थोरल्या खोलीत प्रत्येक वाक्यानंतर असं करायची रीत आहे. चौकात तसं करायचं नसतं. उंबऱ्यावर त्यांनी स्वतःला झटकलेलंच नव्हतं.

"उचला ते."

"कसं उचलणार? बसलोय ना आम्ही."

मी एका बाजूनं धरून ओढून पाहिलं. बाकडं तसूभर हललं नाही. हे वजनाचं काम नव्हतं. बसलेल्याखालचं काढता येत नाही हा थोरल्या खोलीचा कायदा, आणि तो बाकड्याच्या पायांबरोबर चौकात आला होता.

आवाज ऐकून वर्पेसर केबिनबाहेर आले. वर्पेसर म्हणजे आमचे मालक. माणूस मवाळ आहे, भांडण दिसलं की आधी घड्याळ बघतो.

"मंदाताई, एका बाकड्यानं काय होणारे?"

"सर, बाकडं एकटं येत नाही."

ते हसले. बाकीचेही हसले, कारण मालक हसले होते.

दुपारच्या जेवणापर्यंत बाकड्याखालून सतरंजी बाहेर आली. बाकड्याला सतरंजी लागते. सतरंजीला ती ठेवायचं कपाट लागतं, म्हणून कपाट आलं. कपाटाला किल्ली, किल्लीला खुंटी, खुंटीला भिंत. भिंतही आली, थोरल्या खोलीच्या पिस्ता रंगाची, डावीकडे झुकलेली. कुणी काही उचलून आणत नव्हतं. एकाला दुसरं लागत होतं आणि ते येत होतं. संध्याकाळी चौकात मला नावं माहीत नसलेल्या इतक्या वस्तू होत्या की कोनाड्यांपर्यंत पोचायला अंग चोरून जावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या सामानानं दोन शब्द आपल्या नावावर करून घेतले, किमान आणि कमाल. थोरल्या खोलीत ही दोन पितळी मापांची नावं आहेत. चौकात यांतला कुठलाही शब्द उच्चारला की आवाज निघायचाच नाही. त्याऐवजी कपाटाखालून ते माप घरंगळत पायाशी यायचं. मी घुल्यांना सांगायला गेले की किमान एकदा मला विचारायला हवं होतं. माप आलं आणि माझ्या चपलेला लागून थांबलं.

घुल्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. "दुसरा शब्द वापरा ना, मॅडम."

"निदान एकदा विचारायला हवं होतं."

"आता विचारतो. ठेवू का बाकडं?"

"नाही."

"ते तर ठेवलंय," घुले म्हणाले, आणि मागे सरकून खाली गेले.

दुपारपर्यंत 'निदान'ही गेला. त्या नावाची त्यांच्याकडे एक परडी होती.

मधल्या खोलीतली माणसं चौकात आली की घसरायला लागली. फरशी डावीकडे उतरली होती आणि ती माणसं स्वभावतः उजवीकडची. दोघांनी गुडघे फोडून घेतले. पण ती काही कमी नव्हती. त्यांनी आपल्या खोलीतून फळ्या आणल्या आणि चौकात आडव्या पार्टिशन उभारल्या. प्रत्येक पार्टिशनवर पाटी लावली: 'थोरल्या खोलीचे असाल तर ही भिंत आहे. मधल्या खोलीचे असाल तर ही भिंत नाही.' मग थोरल्यांनीही उलट मजकुराच्या पाट्या लावल्या. एकाच फरशीवर शेजारी शेजारी उभी असलेली दोन माणसं दोन वेगळ्या चौकांत असायची. एकाला जिथं रस्ता होता तिथं दुसऱ्याचं नाक आपटायचं. मी कुठल्याच खोलीची नसल्यामुळे मला सगळ्याच भिंती लागत. घरी गेल्यावर मी कपाळाला हळद लावली.

वर्पेसरांना ही व्यवस्था पसंत पडली. "बघा, दोन्हीकडची सोय झाली," ते म्हणाले.

धाकट्या खोलीसाठी कुणी पाटी लावली नव्हती.

रेहानाच्या खोलीबद्दल सांगायला हवं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर जी संकलन केंद्रं आहेत, तिथं मोठे कॉम्प्युटर टिकत नाहीत. तिथं चार ओळींच्या पडद्याची एक डबी असते, तिच्यावर सगळं चालतं. ती डबी म्हणजे धाकटी खोली. तिथं फार जागा नाही. लांब नाव दारातच कापलं जातं; मी तिथं मंदाकिनी नसते, मंदा असते. तिथं घड्याळही नाही, त्यामुळे कायम सकाळचं संकलन चालू असतं. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या असतात आणि रेहाना एकेकीचं दूध काट्यावर ठेवून चौकाकडे तोंड करून विचारते, वजन किती. नोकरीला लागल्यापासून आम्ही दोघी एका डब्यात जेवतो. तिच्या हातची मसूरडाळ खायला मी डबा घरी विसरल्याचं सोंग करते आणि ती ते चालवून घेते.

बुधवारी ती जेवायला आली नाही. मी अडखळत, भिंती चुकवत तिच्या दाराशी गेले. दार पट्टीएवढं अरुंद झालं होतं.

"रेहाना?"

"मंदा, बाहेर काय चाललंय गं?"

"थोरल्यांनी बाकडं आणलंय."

"इथं काहीतरी आत यायला बघतंय. कसली तरी लांबच लांब नावं. दारात कापली जातात आणि तुकडे माझ्या पायात पडतात. झाडून झाडून थकले बघ."

"बाहेर ये आधी."

"कुठून येऊ? आडवी झाले तरी मावत नाही. आणि ऐक ना, कोनाडा माझं ऐकेना झालाय. काट्यावर किटली ठेवलीय, वजन विचारतेय, उत्तर नाही. बायका खोळंबल्यात."

तिच्याकडे घड्याळ नसल्यामुळे दूध नासत नव्हतं, पण रांग मात्र वाढत होती. तिच्या मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती. मग रेहानानं फटीतून हात बाहेर काढला. तो कागदाइतका पातळ झाला होता. बांगड्या आतच राहिल्या. मी तो हात धरला. गरम होता, पण मुठीत काही आहे असं वाटेना. तोवर मला नुसता राग आलेला होता. आता भीती वाटली.

"अजून किती दिवस गं?" तिनं विचारलं.

"मी बघते."

"लवकर बघ. दार अजून बारीक होतंय."

मी वर्पेसरांच्या केबिनमध्ये गेले. ते डावीकडे कलून बसले होते आणि टेबलावरून घसरणाऱ्या फायली कोपरानं अडवत होते.

"सर, धाकटी खोली बंद होतेय. रेहाना आत अडकलीय."

"एकटीच आहे ना ती? तिला मधल्या खोलीत टेबल देऊ."

"ती बाहेर येऊ शकत नाही. आणि डोंगरातली सगळी केंद्रं तिच्याकडे आहेत."

"शुक्रवार होऊ द्या, मग बघू."

"शुक्रवारपर्यंत दार राहणार नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मंदाताई, मला त्या माणसांना बसवायचंय. कुठं बसवू ते सांगा आणि खुशाल बाकडं हलवा. तुम्ही नुसतं नाही नाही म्हणता."

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी तरातरा बाहेर आले, एका भिंतीला कपाळ आपटून घेतलं आणि तिथंच फरशीवर बसले. फरशी उतरती होती म्हणून हळूहळू घसरत बाकड्याच्या पायापाशी गेले. तिथं बसून बाकड्याकडे खालून बघताना माझ्या लक्षात आलं की घुल्यांना बाकडं नकोच आहे. त्यांना बसायचंय. बाकडं हे थोरल्या खोलीचं आहे, बसणं काही कुणा एका खोलीचं नाही.

मी उठले, खाली दुकानातून छिन्नी आणि हातोडी मागून आणली आणि चार कोनाड्यांच्या शेजारी पाचवा कोनाडा खोदायला घेतला.

"आता हे काय नवीन?" घुल्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"तुमची सोय करतेय."

"मग करा, करा."

गुरुवारी सकाळी कोनाडा झाल्यावर मी मांजरपाटाचा तागा आणला आणि त्याचे सारखे चौकोन फाडले. मग भिंतीच्या मागच्या बोळकांडीतून आधी थोरल्या खोलीत गेले. तिथल्या माणसांना म्हटलं, तुमची बसायची वस्तू या फडक्यात बांधा, गाठ मारा आणि कोनाड्याच्या मागे ठेवा. त्यांनी एक बाकडं बांधलं. बाकडं फडक्यात मावतं का असं त्यांनी विचारलं नाही आणि ते मावलं. मधल्या खोलीत गेले. त्यांनी त्यांची निघणारी खुर्ची बांधली. दोन्ही गाठोडी बाहेरून अगदी सारखी दिसत होती, पांढरी, गुडघ्याएवढी, वर एक गाठ. दोन्हीकडे मी एकच अट घातली: गाठ आपापल्या खोलीत सोडायची, चौकात कुणी सोडायची नाही. चौकात फक्त गाठोडं येणार.

रेहानाच्या दाराची आता सुरीच्या पात्याएवढी फट उरली होती. हात येत नव्हता. फडकं मात्र गेलं.

"हे कशाला?" आतून आवाज आला. आवाजही बारीक झाला होता.

"तुझी बसायची वस्तू यात बांध."

"माझ्याकडे कुठंय बसायला काही? मी उभी असते."

"मग तेच बांध."

"उभं राहणं?"

"हो. नीट गाठ मार."

बराच वेळ कापडाची सळसळ ऐकू आली. मग ती म्हणाली, "बांधलं गं. पण याला वजनच नाही."

"नसू दे. कोनाड्याच्या मागे ठेव."

आता बाकडं उरलं. मी घुल्यांपुढं जाऊन उभी राहिले.

"घुले, उठा."

"आत्ता कुठं टेकलोय, मॅडम."

ते सोमवारपासून टेकले होते. खरं म्हणजे आता त्यांना उठता येत नव्हतं. एवढ्या उतारावर उठलेला माणूस भिंतीवर जाऊन आदळला असता, आणि हे त्यांना कळत होतं. त्यांच्या दोन माणसांनी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती उठेपर्यंत बाकडं हलणार नव्हतं, आणि बाकडं हलेपर्यंत ती उठणार नव्हती.

मी आजूबाजूला पाहिलं. बाकड्याच्या डाव्या हाताला मधल्या खोलीची एक पार्टिशन होती. मी तिला वळसा घालून पलीकडे गेले, 'मधल्या खोलीचे असाल तर' या पाटीच्या मागे. तिथूनही तेच बाकडं दिसत होतं, तेच घुले, तोच चहा. पण या बाजूला मधल्या खोलीची फळी होती, म्हणजे मधल्या खोलीचा कायदा होता, आणि त्या कायद्यात बसलेल्याखालचं काढता येतं.

मी बाकड्याला एका हातानं धरून ओढलं. ते अलगद निघून आलं.

घुले बसूनच राहिले. त्यांची दोन माणसंही बसून राहिली, हवेत, बाकड्याची कड धरल्यासारख्या मुठी मिटून. घुल्यांनी चहाचा घोट घेतला. बाकडं मी थोरल्या खोलीच्या दाराशी नेलं आणि आत ढकललं. ते आपल्या डाव्या अंगावर कललं आणि तिथं शोभून दिसलं.

मग मागे वळून पाहिलं तर सतरंजी गुंडाळली जात होती. बाकडं नाही तर सतरंजी कुणाला लागणार? सतरंजी गेली म्हणून कपाट निघालं. कपाट गेलं म्हणून किल्ली, किल्ली गेली म्हणून खुंटी. पिस्ता रंगाची भिंत स्वतःची स्वतः घडी होऊन दारातून आत गेली. मला नावं माहीत नसलेल्या सगळ्या वस्तू एकामागून एक, ज्या क्रमानं आल्या त्याच्या उलट क्रमानं, ओळीनं निघून गेल्या. पितळी मापं घरंगळत गेली, त्यांच्या मागे परडी गेली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "किमान." शब्द निघाला. मी तो पुन्हा म्हणाले, मग 'कमाल' म्हणाले, मग 'निदान' म्हणाले. कशासाठी नाही, नुसते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी चौकात एक गिरकी घेतली. माझं वय पाहता ते शोभणारं नव्हतं, पण बघायला हवेत बसलेले तिघेच होते.

थोरल्यांचं सामान गेल्यावर मधल्यांच्या पार्टिशनना अडवायला काही उरलं नाही. त्या एकेक करून आडव्या झाल्या आणि त्यांची माणसं येऊन फळ्या मुकाट्यानं घेऊन गेली. फरशी कुरकुरत वर आली. पाणसळ कुठंतरी कोपऱ्यात पडली होती, ती आणून मी मधोमध ठेवली. बुडबुडा नळीतून सावकाश चालत आला आणि दोन रेघांच्या मध्ये थांबला.

"मॅडम," घुले म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं होतं. "मी कशावर बसलोय?"

"कशावरच नाही. उठलात की पडाल."

"मग आता?"

"पाचव्या कोनाड्याला सांगा, बसायचंय म्हणून."

"बसायचंय," घुले म्हणाले. त्यांच्याखाली एक गाठोडं येऊन बसलं. दोन माणसांखाली दोन आली. घुल्यांनी बूड हलवून पाहिलं.

"बाकड्यावर बसल्यासारखंच वाटतंय की."

"तुमचं बाकडंच आहे आत."

"मग एवढा धिंगाणा कशापायी केला?" घुल्यांनी विचारलं, आणि या वेळी वाक्यानंतर मागे सरकले नाहीत की खाली गेले नाहीत.

मी धाकट्या खोलीकडे धावले. रेहानाचं दार उघडत होतं. आधी पट्टीएवढं झालं, मग कपाटाच्या दाराएवढं, मग होतं तेवढं, आणि मग होतं त्याहून थोडं जास्तच. ती उंबऱ्यावर आली. बाजूनं पाहिलं तर ती दिसतच नव्हती, समोरून पाहिलं तर निळ्या सलवार-कमीजमधली रेहाना होती. वाऱ्यानं तिची कड फडफडत होती. मी पुढं झाले, पण तिनं हातानं थांबवलं. उंबऱ्यावर उभी राहून तिनं स्वतःला झटकलं. पहिल्या झटक्याला खांदे भरले. दुसऱ्याला पोट भरलं. तिसऱ्याला गाल आले आणि ती चौकात आली. मी तिला घट्ट धरलं. हाताला माणूस लागलं.

"रडतेस कशाला?" ती म्हणाली. तीही रडत होती.

"डाळ आणलीस का?"

"कालची शिळी आहे. माझ्याकडे आजचीच आहे म्हणा."

मग ती कोनाड्यापुढं गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वजन किती?" कोनाड्यानं सांगितलं. तिच्या खोलीत पावती फाटल्याचा आवाज झाला, आणि रांगेतली पहिली बाई "चला, सुटले बाई एकदाची," असं म्हणून किटली घेऊन निघून गेली. तिच्या मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. डोंगरातली रांग पुढं सरकायला लागली. जेवायच्या वेळेपर्यंत मी तिथंच भिंतीला टेकून ते ऐकत उभी होते.

शुक्रवारी दूध संघाची माणसं आली. उंबऱ्यावर वर्पेसरांनी स्वतः त्यांना झटकायला शिकवलं, आणि हे आपणच ठरवल्यासारखं शिकवलं. पाहुणे म्हणाले, बसायचंय, आणि गाठोड्यांवर बसले. त्यांच्यात एक जण मधल्या खोलीतून आलेला होता, घुल्यांना हे माहीतच नव्हतं. तोही बसला. रेहानाही तिथंच होती. तीही म्हणाली, बसायचंय, आणि तिच्या शेजारी गाठोडं येऊन थांबलं. ती त्याच्याजवळ आरामात उभी राहिली. बसलेल्यांपेक्षा तीच जास्त निवांत दिसत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. वजन, फॅट, पावती, जे जे विचारलं ते ते आलं. पाहुण्यांतल्या वयस्कर बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हे सगळं किती सिस्टीमवर चालतं तुमचं?"

"तीन," मी म्हणाले. माझ्या आवाजात मिजास होती, आणि मी ती राहू दिली.

तेव्हा समोरच्या भिंतीवर थाप पडली.

त्या भिंतीत दार नाही. पलीकडे खोलीच नाही. माडीच्या बाहेरची बाजू, खाली रस्ता. पुन्हा थाप पडली, आणि भिंतीच्या आतून कुणीतरी विचारलं, किती वजन. आमच्याकडे वजन किती म्हणतात, यानं शब्द उलटे घेतले होते आणि आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हतं. मी काही करायच्या आत कोनाड्यानं उत्तर देऊन टाकलं. त्यानं मला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही.

"चौथीपण आहे," वर्पेसर पाहुण्यांना म्हणाले.

घुले गाठोड्यावरून उठून उभे राहिले. "मॅडम, तिकडं कोण हाये?"

"मला माहीत नाही."

रेहाना भिंतीपाशी गेली. तिनं गिलाव्याला कान लावला आणि एक हात वर करून आम्हाला थांबायची खूण केली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती आतल्याचा श्वास ऐकतेय. आत असताना बाहेरून कुणी कान लावलाय का, हे तिनं असंच ऐकलं असणार. मग तिनं भिंतीवर तळवा ठेवला.

"इकडं या," ती भिंतीला म्हणाली. "जागा आहे. ढकला."

गिलावा फुगला. तो फुटला नाही, साय बाजूला व्हावी तसा बाजूला झाला आणि त्यातून एक हात बाहेर आला, कागदासारखा पातळ, कोपरापर्यंत, चाचपडत. त्याला सहा बोटं होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी मागे सरकलं. रेहाना सरकली नाही. तिनं सहाही बोटं आपल्या मुठीत घेतली, पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली.